हू ग : उसन्या आवाजाकडून मायबोलीकडे

आपल्याकडे पडद्यावर नट गाऊ लागला की गळा दुसऱ्याचा असतो आणि संवाद मात्र त्याचे स्वतःचे असतात, हे सांगायची गरज नाही. चिनी मालिकांत कित्येक वर्षं हा प्रकार बरोबर उलटा होता. नायक शीर्षकगीत किंवा शेवटचं गाणं स्वतः गायचा आणि त्याचे संवाद मात्र ध्वनिमुद्रण कक्षात बसलेला दुसराच कलाकार म्हणायचा. चेहरा एकाचा, बोलणं दुसऱ्याचं, गाणं पुन्हा पहिल्याचं. प्रेक्षकांना त्यात काही खटकत नसे.

2005 साली अशाच एका मालिकेतून हू ग नावाचा बावीस वर्षांचा पोरगेला नट चीनमध्ये घराघरांत पोचला. आज तो चाळिशी ओलांडलेला, चिनी टीव्हीवरचा अत्यंत प्रतिष्ठित अभिनेता आहे. मधल्या काळात त्याच्या चेहऱ्यावर एक अपघात कोसळला, एका मालिकेने त्याला कीर्तीच्या शिखरावर नेलं आणि वाँग कार-वायसारख्या दिग्दर्शकाने तीन वर्षं त्याला एकाच भूमिकेत अडकवून ठेवलं. या सगळ्यात त्याच्या देखणेपणाची चर्चा सर्वांत जास्त झाली. त्याचा प्रवास मात्र त्याच्या बोलण्याकडे लक्ष दिलं की अधिक नीट कळतो.

आधी ही डबिंगची पद्धत का पडली ते पाहू. चिनी ऐतिहासिक आणि अद्भुतरम्य मालिकांचं मोठं केंद्र म्हणजे ज्यज्यांग प्रांतातलं हंगद्यान. 1996 मध्ये शिये जिन यांच्या अफूच्या युद्धावरच्या चित्रपटासाठी तिथे जुन्या ग्वांगजौ शहराचा देखावा उभा राहिला आणि पुढे बीजिंगच्या राजवाड्याच्या प्रतिकृतीपासून प्राचीन छिन साम्राज्याच्या महालापर्यंत अख्खी नगरीच वसली. एकाच आवारात अनेक मालिकांची चित्रीकरणं चालू असतात, पर्यटकांची गर्दी असते. अशा गोंगाटात स्वच्छ आवाज मिळणं कठीण. त्यात नटसंच हाँगकाँग, तैवान, शांघाय, बीजिंग असा चहूकडून गोळा केलेला, म्हणजे उच्चारही तितक्याच तऱ्हांचे. सरकारी प्रसारण यंत्रणेचा आग्रह तर प्रमाण चिनीचा, म्हणजे पूथोंगह्वाचा. मालिकांनी प्रमाण भाषाच वापरावी असं बजावणारं परिपत्रक तिने 2005 मध्येच काढलं होतं. या सगळ्यांवर सोपा आणि स्वस्त तोडगा एकच होता : चित्रीकरण आधी उरकायचं आणि आवाज मागाहून तयार गळ्याच्या कलाकारांकडून भरून घ्यायचा.

हू गचा जन्म 20 सप्टेंबर 1982 रोजी शांघायमध्ये झाला. लहानपणी तो तिथल्या टीव्हीशी जोडलेल्या बालकलाकारांच्या पथकात होता आणि शाळकरी वयातच त्याने मुलांच्या कार्यक्रमाचं निवेदनही केलं. 2001 मध्ये त्याला शांघाय नाट्य अकादमीच्या अभिनय विभागात प्रवेश मिळाला. चीनमध्ये अशा मोजक्याच संस्था आहेत आणि मालिका-चित्रपटांचे बरेचसे नट तिथूनच येतात. तिथलं शिक्षण रंगभूमीच्या शिस्तीचं असतं : उच्चार, श्वास, देहबोली, रोजचा रियाज. म्हणजे ज्या मुलाला काही वर्षं बोलायला शिकवलं गेलं, त्याला पहिली मोठी भूमिका मिळाली ती त्याचं बोलणं पुसून टाकणारी.

ती मालिका म्हणजे ‘चायनीज पॅलाडिन’. तैवानच्या सॉफ्टस्टार कंपनीने 1995 मध्ये काढलेल्या एका संगणकीय खेळावर ती बेतलेली होती. हा खेळ खेळून चिनी भाषकांची एक पिढी मोठी झाली होती. खाणावळ चालवणाऱ्या आत्याने वाढवलेला ली श्यावयाव हा उनाड, हजरजबाबी मुलगा तलवारबाजी शिकतो, नागवंशी देवीच्या कुळातल्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि जग वाचवण्याच्या भानगडीत तिला गमावून बसतो, अशी ती कथा. सोबत लियू यीफेई होती, जी पुढे डिस्नेच्या ‘मुलान’मध्ये जगभर दिसली. गुप्तशक्ती, अमरत्वाची साधना, राक्षस आणि देवता यांनी भरलेल्या या प्रकाराला चिनी भाषेत ‘श्यानश्या’ म्हणतात. आज परदेशात पाहिल्या जाणाऱ्या चिनी मालिकांत या प्रकाराचा मोठा वाटा आहे. त्याची टीव्हीवरची पायाभरणी ज्या थोड्या मालिकांनी केली, त्यांत ‘चायनीज पॅलाडिन’ अग्रभागी आहे.

मालिकेतला ली श्यावयाव बोलायचा तो डबिंग कलाकाराच्या आवाजात. पण मालिकेसाठी हू गने दोन गाणी गायली, एक पावसाळी विरहाचं आणि दुसरं भटक्या तलवारबाजाच्या उसाशाचं. दोन्ही तुफान गाजली. कराओकेच्या खोल्यांत ती अजूनही म्हटली जातात. प्रेक्षकांना त्याचा खरा आवाज ऐकू आला तो असा गाण्यांतूनच. यामागे धंद्याचं गणितही होतं. त्या काळी थांगरेनसारख्या निर्मितीसंस्था नवा नट हाताशी धरत, त्याच्याकडूनच गाणं गाऊन घेत आणि मालिका, ध्वनिफीत, जाहिरात असं सगळं एकत्र विकत. हू ग हा थांगरेनचाच शोध. 2008 मध्ये त्याचा ‘छूफा’, म्हणजे ‘प्रस्थान’, हा अल्बमही आला. गायक म्हणून त्याचा पल्ला फार मोठा नाही, तानबाजी तर नाहीच. त्याचा गळा मधल्या पट्टीतला, किंचित खरखरीत, शब्द सावकाश सोडणारा. त्याची गाणी लक्षात राहतात ती गाणाऱ्यातलं पात्र ऐकू येतं म्हणून. 2009 च्या ‘चायनीज पॅलाडिन 3’साठी त्याने म्हटलेलं विसरण्याविषयीचं गाणं हे त्याचं ठळक उदाहरण.

या दोन मालिकांच्या मधे तो अपघात झाला. 2006 मध्ये हू ग जिन योंग यांच्या सुप्रसिद्ध वीरकथेवरच्या मालिकेत ग्वो जिंगची भूमिका करत होता. ही कादंबरी 1957 ते 1959 या काळात हाँगकाँगच्या दैनिकात क्रमशः छापून आली होती आणि ग्वो जिंग हा चिनी वाचकांचा लाडका, भोळा, कष्टाळू नायक. ती भूमिका मिळणं म्हणजे पहिल्या फळीत नाव लागणं. 29 ऑगस्टच्या रात्री हंगद्यानहून शांघायकडे येताना महामार्गावर त्याची गाडी एका ट्रकवर आदळली. त्याची तरुण सहायक त्यात गेली. हू ग वाचला, पण उजवा डोळा, चेहरा आणि मान यांना खोल जखमा झाल्या. शंभराहून जास्त टाके पडले आणि पुढच्या शस्त्रक्रिया हाँगकाँगमध्ये झाल्या.

तरुण देखणा नायक या एकाच भांडवलावर उभ्या असलेल्या नटासाठी हा शेवट ठरू शकला असता. निर्मात्यांनी त्याच्या जागी दुसरा नट घेतला नाही. चित्रीकरण थांबलं, जवळपास वर्षभराने तो परतला आणि केशरचना, रंगभूषा व कॅमेऱ्याचे कोन सांभाळून मालिका पुरी झाली. ती 2008 मध्ये दिसली. मधल्या काळात त्याने एक पुस्तकही लिहिलं. पापणीवरची खूण मात्र राहिली. आजही जवळून घेतलेल्या दृश्यात ती दिसते.

अपघाताने नट घडवला, अशी गोळीबंद कथा चिनी माध्यमांनी पुष्कळदा सांगितली आहे. ती ऐकायला छान वाटते, पण तारखा पाहिल्या तर टिकत नाही. अपघातानंतरची सहा-सात वर्षं हू ग बहुतेक त्याच साच्यातल्या भूमिका करत राहिला : तलवार, लांब केस, अद्भुत शक्ती. खरा बदल दिसला 2013 च्या आसपास, आणि तो घडला रंगमंचावर.

त्या वर्षी त्याने लाय शंग-छ्वान यांच्या ‘स्वप्नासारखं स्वप्न’ या नाटकात काम केलं. हे नाटक जवळपास आठ तासांचं आहे. प्रेक्षकांतला एक भाग मधोमध फिरत्या खुर्च्यांवर बसतो आणि नाटक त्यांच्या सभोवती चारही बाजूंनी घडत जातं. या रचनेचा उगम भारतातला आहे. 1999 मध्ये लाय बोधगयेला गेले होते. तिथे स्तूपाला प्रदक्षिणा घालणारे भाविक पाहताना त्यांना या नाटकाची कल्पना सुचली आणि तिचा आराखडा त्यांनी तिथेच लिहून काढला. नाटकात एक मरणासन्न रुग्ण नवशिक्या डॉक्टरीणबाईला आपली कहाणी सांगतो, त्या कहाणीत दुसरी कहाणी उघडते, तीत तिसरी. हू गची भूमिका या ‘पाच नंबरच्या रुग्णा’ची. इथे तलवार नाही, उडी नाही, क्लोज-अप नाही. नटाकडे आहे ते फक्त बोलणं, तेही तासन्‌तास, आणि सगळीकडून पाहणाऱ्या प्रेक्षकांसमोर. मागाहून आवाज भरण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याच वर्षी त्याने आणखी एक नाटक केलं. पाय श्येन-योंग यांच्या कथेवर आधारलेलं, यीन श्वेयान या नर्तकीभोवती फिरणारं ते नाटक पूर्णपणे शांघाय बोलीत होतं. शांघायनीज ही वू शाखेतली भाषा. बीजिंगच्या माणसाला ती कानाने अजिबात उमगत नाही. प्रमाण चिनीत घडवलेला नट आपल्या घरच्या बोलीत रंगमंचावर उभा राहिला. दहा वर्षांनी त्याचा किती उपयोग होणार आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

2015 च्या सप्टेंबरात ‘लांगया बांग’ सुरू झाली. चीनबाहेर ही मालिका ‘निर्वाणा इन फायर’ या नावाने ओळखली जाते. हाय यान यांची कादंबरी आणि त्यांचीच पटकथा, कोंग शंग व ली श्वे यांचं दिग्दर्शन, 54 भाग. काल्पनिक ल्यांग राज्यात लिन शू या तरुण सेनानीची सत्तर हजारांची फौज देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली कापून काढली जाते. तो कसाबसा वाचतो, पण अंगात भिनलेलं विष उतरवणाऱ्या उपचारात त्याचा चेहरा पार बदलतो आणि शरीर कायमचं खचतं. बारा वर्षांनी तो मेय छांगसू या नावाने राजधानीत येतो, एका दुर्लक्षित राजपुत्राला सिंहासनापर्यंत नेतो आणि जुन्या खटल्याचा निकाल फिरवतो.

या कथेचा नायक लढू शकत नाही. अंगावर जाड लोकरी झगा घेऊन तो शेगडीजवळ बसतो, खोकतो, चहा ओततो आणि हळू आवाजात समोरच्याला हवं तिथे नेऊन सोडतो. जिवलग मित्र समोर बसलेला असूनही त्याला ओळखत नाही. मालिकेतला थरार असा बैठकीत, बोलता-बोलता उभा राहतो. हू गने ही भूमिका स्वतःच्या आवाजात केली. राजपुत्र झालेल्या वाँग काय याच्यासह मुख्य नटांचे मूळ आवाज ठेवले होते, आणि ही गोष्ट प्रेक्षकांनी मुद्दाम लक्षात घेतली. त्याचा तोच मंद, थोडा दबलेला स्वर इथे आजारी मुत्सद्द्याला चपखल बसला. मालिकेसाठी त्याने एक गाणंही गायलं, आणि या वेळी गाणारा व बोलणारा एकच होता. चेहरा गमावलेल्या माणसाची भूमिका चेहऱ्यावर घाव झेललेल्या नटाकडे आली, हा योगायोग चिनी प्रेक्षकांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

याच सुमारास ‘द डिस्गायझर’ ही महायुद्धकाळातल्या शांघायची हेरकथा आली. तीत हू ग धनाढ्य घराण्यातला धाकटा, लाडावलेला भाऊ होता, जो बघता-बघता गुप्तहेर होतो. त्याच वर्षी ‘दा हाव श्ग्वांग’ ही आधुनिक शहरी मालिकाही दिसली. एकाच वर्षात तीन वेगळे काळ आणि तीन वेगळे स्वभाव. 2016 मध्ये शांघाय टीव्ही महोत्सवाचा मॅग्नोलिया पुरस्कार, म्हणजे चिनी मालिकांच्या जगातला एक मानाचा सन्मान, त्याला ‘लांगया बांग’साठी मिळाला.

इतक्या यशानंतर चीनमध्ये नटाची वाट ठरलेली असते : जाहिराती, रिअ‍ॅलिटी शो, हातोहात पुढची मालिका. तरुण ताऱ्यांचे चाहते संघटित असतात, ते अल्बम घाऊक खरेदी करतात, समाजमाध्यमांवर आकडे फुगवतात. असे आकडे ओढणाऱ्या नटांना चिनी माध्यमं ‘ल्यौल्यांग’, म्हणजे रहदारी, या शब्दाने ओळखतात. हू गने त्याच सुमारास काम कमी केलं. 2017 मध्ये तो काही काळ अमेरिकेत शिकायला गेला. यांगत्सेच्या उगमाकडच्या तिबेटी पठारावर पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेत तो स्वयंसेवक म्हणून कचरा वेचताना दिसला.

परतला तो चित्रपटातून, आणि तोही अनोळखी बोलीत. दियाओ यीनान यांचा ‘द वाइल्ड गूज लेक’ 2019 च्या कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. वूहानमधल्या मोटारसायकल चोरांच्या टोळीचा म्होरक्या चुकून पोलिसाला मारतो आणि तलावाकाठच्या वस्त्यांमधून पळत राहतो. हू गचा हा फरारी नायक उन्हाने रापलेला, रोडावलेला, मोजकंच बोलणारा, आणि जे बोलतो ते वूहानच्या बोलीत. शांघायच्या नटाला ती नव्याने शिकावी लागली.

पुढे दोन भूमिका एकामागून एक आल्या. 2022 अखेरच्या एका मालिकेत तो गरीब तालुक्याचा नवा प्रशासकीय प्रमुख होता. चपला झिजवणारा, बैठकांत अडकलेला, कुणालाही पूर्ण खूश करू न शकणारा अधिकारी. चिनी टीव्हीवर अशा ‘मुख्य सुरा’च्या, म्हणजे सरकारी धोरणाशी जुळणाऱ्या, मालिकांचा मोठा वाटा असतो आणि नामांकित नटांनी त्यांत कामं करणं अपेक्षितच असतं. दुसरी भूमिका लियू ज्यायीन यांच्या ‘ऑल इअर्स’ चित्रपटातली. त्यात तो पटकथाकार म्हणून अपयशी ठरलेला माणूस आहे. अंत्यविधीत वाचायची मृत्युलेखासारखी भाषणं लिहून तो पोट भरतो आणि त्यासाठी मृताच्या नातेवाइकांचं बोलणं ऐकत बसतो. या भूमिकेसाठी 2023 च्या शांघाय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. बोलण्यातून अभिनय करणारा नट इथे जवळजवळ सगळा वेळ ऐकण्याचा अभिनय करतो.

27 डिसेंबर 2023 रोजी ‘फान ह्वा’ सुरू झाली. इंग्रजीत तिचं नाव ‘ब्लॉसम्स शांघाय’. जिन युछंग यांची मूळ कादंबरी 2012 मध्ये आली आणि 2015 मध्ये तिला माव दुन साहित्य पुरस्कार मिळाला. तिचं गद्य शांघाय बोलीच्या लयीवर बेतलेलं आहे. दिग्दर्शक वाँग कार-वाय हे जन्माने शांघायचे, पाच वर्षांचे असताना हाँगकाँगला गेलेले. त्यांनी दिग्दर्शित केलेली ही पहिलीच टीव्ही मालिका होती आणि तीस भागांसाठी त्यांनी सुमारे तीन वर्षं चित्रीकरण केलं. चीनमध्ये तीस-चाळीस भागांची मालिका काही महिन्यांत उरकते, हे लक्षात घेतलं म्हणजे या तीन वर्षांचा अर्थ कळतो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. शांघाय शेअर बाजार डिसेंबर 1990 मध्ये सुरू झाला होता आणि आ बाव हा सामान्य घरातला तरुण शेअर व निर्यातीच्या जोरावर ‘बाव साहेब’ होतो. पीस हॉटेलातला त्याचा कायमचा सूट, निऑनच्या पाट्यांनी लखलखणारा ह्वांगह रस्ता, तिथली आलिशान उपाहारगृहं आणि रात्री उशिरा घरगुती खानावळीत पाण्यात उकळलेला साधा भात. बावचं श्रीमंतीचं सोंग कुठे संपतं आणि तो माणूस कुठे सुरू होतो, हे हू गच्या बोलण्यातल्या चढउतारातून कळत जातं. गुरुस्थानी असलेले ये काका, म्हणजे ज्येष्ठ नट यौ बनछांग, त्याला सूट कसा घालावा यापासून गप्प कधी राहावं इथपर्यंत सगळं शिकवतात. मालिका गाजली आणि ह्वांगह रस्त्यावर बघ्यांची रीघ लागली. मालिकेत खाल्लेले पदार्थ खायला परगावची माणसं शांघायला येऊ लागली.

‘फान ह्वा’ दोन भाषांत उपलब्ध झाली. सरकारी वाहिनीवर प्रमाण चिनीत, आणि टेन्सेंटच्या ओटीटीवर शांघाय बोलीतही. शांघायमध्ये जन्मलेले हू ग, मा यीली, थांग यान हे नट तिथे आपल्या मायबोलीत बोलले. थांग यान तर ‘चायनीज पॅलाडिन 3’मध्येही त्याच्यासोबत होती. शाळा, कार्यालयं आणि टीव्ही सगळीकडे प्रमाण भाषा रुळल्याने शांघायमधल्या तरुण पिढीची बोली झपाट्याने मागे पडते आहे. त्यामुळे देशभर चर्चेत असलेली, इतक्या मोठ्या खर्चाची मालिका त्या बोलीत ऐकायला मिळणं ही तिथल्या प्रेक्षकांसाठी अप्रूपाची गोष्ट होती. जून 2024 मध्ये या भूमिकेसाठी हू गला दुसऱ्यांदा मॅग्नोलिया पुरस्कार मिळाला.

चिनी मालिकांतलं डबिंग संपलेलं नाही, श्यानश्या प्रकारात तर ते अजूनही सर्रास चालतं. पण नावाजलेल्या मालिकांत नटाने स्वतःच्या आवाजात बोलावं अशी अपेक्षा प्रेक्षक आता उघडपणे करतात आणि कुणाचे संवाद उसने आहेत यावर खमंग चर्चा झडते. ही अपेक्षा तयार होण्यात ‘लांगया बांग’सारख्या मालिकांचा मोठा हात आहे. ज्या मराठी वाचकाला हू गचं काम पाहायचं असेल, त्याने सुरुवात ‘लांगया बांग’ने करावी. सुरुवातीचे दोन-तीन भाग नावांच्या गर्दीत गोंधळायला होतं, तेवढा धीर धरावा. मग ‘फान ह्वा’कडे वळावं आणि पर्याय मिळाला तर प्रमाण चिनी बाजूला ठेवून शांघाय बोलीच निवडावी. आपल्याला दोन्ही भाषा सारख्याच परक्या, उपशीर्षकं तर वाचायचीच आहेत. मग नट ज्या भाषेत लहानाचा मोठा झाला, त्या भाषेतच त्याला ऐकलेलं बरं.